कोरम उसाच्या फडात आहे

मा. ग्रामविकास व पंचायत राज मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



ग्रामसभेला लोक येत नाहीत, ही आपल्या खात्याची जुनी तक्रार आहे. त्यावर उपायही पुष्कळ झाले. दवंडी द्या, सभेचं चित्रीकरण करा, जागृतीचे फलक लावा, स्पर्धा घ्या, बक्षिसं द्या. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की लोक उदासीन आहेत आणि त्यांना कुणीतरी जागं करायला हवं. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, आता निवृत्त आहे. अर्ज लिहायचा असला, ठरावाचा मसुदा करायचा असला, की गावातले लोक माझ्या ओट्यावर येतात. त्यांच्या वतीने नव्हे, पण त्यांना रोज बघणारा माणूस म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते जाहीरपणे लिहितो, कारण ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाही ते वाचता यावं.

आधी आमची ग्रामसभा कशी होते ते सांगतो. कायद्याने वर्षातून किमान 4 सभा घ्याव्या लागतात. न घेतल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, म्हणून सभा होतात, निदान कागदावर तरी होतातच. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ठरलेल्या वेळी चावडीत पंधरा-वीस जण असतात. थोडा वेळ वाट बघून सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, त्यामुळे नंतर तेवढ्याच पंधरा-वीस जणांत ती रीतसर पार पडते. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते घाईघाईने वाचलं जातं, इतकं की अर्ध्या जणांना त्यात आपलं नाव सूचक म्हणून आलंय हेही कळत नाही. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. खरं बोलणं असतं ते तिथे: डीपी जळालाय, स्मशानभूमीला रस्ता नाही, नळाला चार दिवसांआड पाणी येतं. तोवर निम्मे उठून गेलेले असतात. मग हजेरीचं रजिस्टर शिपायाच्या काखेत घरोघर फिरतं आणि सह्या पुऱ्या होतात.

आता याच गावाचा सप्ताह बघा.

चैत्रात सात दिवस अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. वीणा सातही दिवस खाली ठेवायची नाही. देवळाच्या भिंतीला पहाऱ्याचा तक्ता लावलेला असतो. दिवसाचे चोवीस तास, रात्री दोन ते चारसुद्धा, आणि प्रत्येक पहाऱ्यापुढे नावं. रात्री दोनला ज्याचा पहारा आहे तो माणूस दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबलेला असतो. तरी तो वेळेवर उठून येतो, कारण तो आला नाही तर आधीच्या माणसाला वीणा घेऊन तसंच उभं राहावं लागेल, आणि सकाळी कोण आला नाही हे सगळ्या गावाला कळेल. पंगतीचं तसंच. आमटी देवळापुढे चुलवणावर कढयांत होते, पण भाकरी घराघरांतून येतात. कोणत्या वस्तीने कुठल्या दिवशी भाकरी द्यायच्या हे स्पीकरवरून सांगतात, आणि टोपल्या घेऊन पोरं दारोदार जातात. ज्या घरात दोनच माणसं आहेत त्या घरातूनही पाच भाकरी निघतात. कमी दिल्या म्हणून कुणी बोलत नाही, पण दिल्याच नाहीत असं सहसा होत नाही.

यात नुसती भक्ती आहे असं कुणी म्हणेल. भक्ती आहेच. पण वाढपी म्हणून धावणारी निम्मी पोरं कीर्तन चालू असताना मंडपामागे मोबाइल बघत असतात, हे मी मास्तरच्या नजरेने पाहिलेलं आहे. ती पोरं देवासाठी कमी आणि आपल्याला काम दिलंय म्हणून जास्त येतात. सप्ताहात प्रत्येक घराला काहीतरी नेमून दिलेलं असतं आणि ते त्या घराने केलं नाही तर ते होत नाही. ग्रामसभेत गावकऱ्याला एकच काम नेमून दिलेलं आहे: सही. आणि ती सही त्याच्या घरी येते.

मला सांगायचं आहे ते एवढंच. आपल्या येण्याने काही फरक पडतो आणि न येण्याने काही अडतं, असं जिथे माणसाला डोळ्यांनी दिसतं तिथे तो येतो. बाकीच्या ठिकाणी तो घरचं काम बघतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सप्ताह चैत्रात का, हेही पाहण्यासारखं आहे. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, लहान पोरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. गाव भरल्यावरच गावाचा सप्ताह होतो. ही तारीख कुठल्या शासन निर्णयाने ठरलेली नाही, ती गावाने ठरवली आहे.

उलट ग्रामसभेच्या तारखा पाहा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. साऱ्या राज्याला सारख्या. 26 जानेवारीला आमचं अर्धं गाव उसाच्या फडात कोपीत असतं. 2 ऑक्टोबरला लोक निघायच्या तयारीत, कुणाच्या पोराला आजीकडे ठेवायचं, कुणाच्या घराला कुलूप लावायचं या घोरात. आणि गावाचा विकास आराखडा करण्याची मोहीम नेमकी 2 ऑक्टोबरपासून सुरू होऊन हिवाळ्यात संपते. म्हणजे साहेब, ज्यांना घर, पाणी, रोजगार हमीचं काम आणि पोरांचं वसतिगृह यांची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्या गावाचा आराखडा ते गावात नसताना होतो, आणि ते परत आले की तो पोर्टलवर चढलेला असतो. मग आपण त्यांना विचारतो, तुम्ही सभेला का येत नाही? आपला कोरम उसाच्या फडात आहे. तो दवंडीने येणार नाही.

माझा हा हिशेब आमच्या पट्ट्यापुरता आहे. पण कोकणातल्या एखाद्या गावात जाऊन विचारा, पालखीच्या आणि गणपतीच्या वेळी तिथेही गाव भरतं, आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीला दादर-परळच्या एखाद्या सभागृहात चाकरमानी रविवारची सुट्टी घालवून बसतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी किती द्यायचे यावर तिथे जीव तोडून वाद होतो. ज्यांना कुणी उदासीन म्हणेल तीच ही माणसं.

गावच्या कारभारात लोक कधी स्वतःहून येतात याचे दाखले आपल्या राज्यात आहेत. धुळे आणि नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धत काही शतकं चालत आली. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं, आणि साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत. हंगामाच्या आधी सगळे एकत्र बसून ठरवतात, यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात रब्बी, कुठला फड पडीक. एका फडात एकच पीक. पाणी शेतकऱ्याने आपल्या हाताने घ्यायचं नाही, ते पाटकरी देतो. हवालदार, जागल्या, पाटकरी यांचा मेहनताना लाभधारकच देतात. या बैठकीला कोणी घरी बसेल का? तिथे उसाचा निर्णय होतो. घरी बसलेल्याच्या जमिनीवर दुसरेच निर्णय घेतील. शिवाय सगळ्यांची जमीन सगळीकडे विखुरलेली असल्याने कुणालाही एकट्याला आपलं भलं करून घेऊन उठता येत नाही. मला यातलं हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याने ही वाटणी प्रथम केली त्याने माणसाचा स्वभाव चांगला ओळखलेला होता.

हिवरे बाजारची गोष्ट आता शाळेच्या पुस्तकासारखी सगळ्यांना पाठ आहे, ती घडवणाऱ्या पोपटराव पवारांना 2020 साली पद्मश्रीही जाहीर झाली. ती सांगताना आपण झाडं आणि बंधारे सांगतो. माझ्या मते तिथला गाभा पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस किती झाला, किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, शिलकीत कुठली पिकं बसतील, हे दरवर्षी ग्रामसभेत मांडलं जातं. यंदा मी काय पेरायचं याचं उत्तर ज्या सभेत मिळतं, तिथे बोलावणं धाडावं लागत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे सभा बहुमताने चालत नाही. एक माणूस नको म्हणाला तर विषय पुढच्या सभेवर जातो, त्याचं समाधान होईपर्यंत. शहरातल्या माणसाला हे वेळखाऊ वाटेल. पण विचार करा, ज्या सभेत तुमच्या एकट्याच्या 'नाही'ने निर्णय थांबतो, तिथे तुम्ही गैरहजर राहाल? ठराव करण्याआधी अभ्यास गट बसतो. तिथे नुसतं समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही रीत घट्ट केली. 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वन खात्याकडे. तोही एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला. लोक आधी जागे झाले आणि मग अधिकार मिळाले, की अधिकार मिळत गेले तसे लोक येत गेले? तिथे दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढलं. आपलं खातं पहिल्याची वाट बघत बसतं.

आमच्या भागातला एक दाखला द्यायचा तर आडव्या बाटलीचा. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महिलांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अट अशी, की मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. हे बायकांना कुणी व्याख्यान देऊन सांगावं लागत नाही. शेजारच्या एका गावात मतदानाच्या दिवशी मी होतो. सासू सुनेला घेऊन येत होती, बाळंतीण रिक्षातून आली, माहेरी गेलेल्या मुलीला भाऊ मोटारसायकलवर घेऊन आला. ज्या गावात महिला सभेला अंगणवाडीच्या ताईंनी ओढून आणलेल्या बारा जणी असतात, त्याच गावातल्या या बायका. निकालाच्या कागदावर दुसऱ्या दिवशी काहीतरी घडणार होतं, एवढाच फरक.

अर्थात लोक येतात तेव्हा सगळं गोड होतं असं नाही. घरकुलाची यादी वाचायची असली की आमची चावडी पुरत नाही. पारावर, भिंतीवर, शाळेच्या पायऱ्यांवर माणसं. त्याचं नाव कसं आलं, त्याला तर माडी आहे, माझं कुडाचं घर दिसलं नाही का? आरडाओरडा, कधी धक्काबुक्की. असल्या सभेबद्दल अधिकारी नाक मुरडून म्हणतात, लोक फक्त स्वार्थासाठी येतात. मला ती वर्षातली सर्वांत चांगली ग्रामसभा वाटते. त्या दिवशी माडीवाल्याचं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं आणि त्याला मान खाली घालावी लागते. स्वार्थ वाईट असता तर फडाची बैठकही वाईट म्हणायला हवी.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती अधिकार दिल्याने आपोआप जात नाही. ज्याच्या रानात मजुरीला जायचं, ज्याच्याकडून उचल घ्यायची, तोच सभेत समोरच्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्यासमोर कोण बोलणार? दलित वस्तीतला माणूस दाराशी उभा राहून ऐकतो आणि सगळं संपल्यावर माझ्याकडे येऊन सांगतो, गुरुजी, आमच्या वस्तीच्या गटारीचं लिहून द्या. गुप्त मतदानात बाई निर्भय होते याचं हेही एक कारण आहे. वस्ती-वाडीची वेगळी सभा आधी झाली, तिचं म्हणणं लेखी गावच्या सभेत आलं, तर बोलणारा एकटा पडत नाही. आदिवासी भागात, पेसा कायद्याच्या क्षेत्रात, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, त्यांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधीही मिळतो. तीच गोष्ट आमच्या तांड्या-वस्त्यांना का मिळू नये, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

आता बक्षिसांविषयी थोडं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने 2000-01 पासून गावं झाडून निघाली, ते मी पाहिलंय, त्यात शाळेच्या पोरांसोबत मीही खराटा घेतला होता. तेव्हाच्या ग्रामविकास मंत्र्यांचं, आर. आर. पाटलांचं, ते काम मोठं होतं. पण बक्षिसाची तपासणी झाल्यावर कित्येक ठिकाणी खराटे कोपऱ्यात गेले. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि आमच्या जिल्ह्यातलं अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिलं बक्षीस 50 लाखांचं होतं, ते कोरेगावच्या वेळूला मिळालं. ते आपल्याला मिळणार नाही हे माहीत असलेली गावंही भर उन्हात चर खणत होती. का? चर पावसाळ्यात भरलेला दिसणार होता. आणि उन्हाळ्यात आमच्या टोळ्या घरी असतात, हेही विसरू नका.

म्हणून काही मागण्या करतो. मोठ्या नाहीत, पैसे फारसे लागत नाहीत.

पहिली, इतिवृत्त वाचण्याआधी मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं ते वाचलं जावं. कुठला ठराव कुणाकडे गेला, तिथून काय उत्तर आलं, आलं नसेल तर किती दिवस झाले. पंचायत समितीने आणि तालुक्याच्या इतर कार्यालयांनी ग्रामसभेच्या ठरावाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देण्याचं बंधन घाला. नाही म्हणालात तरी चालेल, पण कारण लिहून द्या. आमच्या गावचा रस्त्याचा ठराव वर्षानुवर्षं एकाच वाक्यात पुन्हा पुन्हा मंजूर होतो. तोच ठराव हात वर करून पुन्हा मंजूर करायला माणूस किती वेळा येईल?

दुसरी, तारखा गावाला ठरवू द्या. वर्षातून 4 हा आकडा ठेवा, त्यातल्या किमान दोन कधी घ्यायच्या ते गावावर सोडा. आणि ज्या तालुक्यांतून स्थलांतर होतं तिथे आराखड्याची सभा एप्रिल-मेमध्ये, पट्टा पडल्यावर घ्या. पोर्टलची तारीख सरकायला हवी, लोकांची नव्हे. महिला सभा सकाळी अकराला ठेवू नका. त्या वेळी बाया रानात असतात.

तिसरी पैशाची. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात गावाच्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केले, 40 टक्के अबंधित ठेवले. त्या अबंधित पैशाचंही काय करायचं हे सभेत येण्याआधी ठरलेलं असतं, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे हायमास्ट. त्यातला काही हिस्सा असा ठेवा, की त्याचा निर्णय सभेत सगळ्यांसमोर, प्रस्ताव मांडून, चिठ्ठ्या टाकून व्हावा, आणि सभेआधी केलेला खर्च त्यातून मंजूरच होऊ नये. रक्कम लाखभर असली तरी चालेल. आमच्या वस्तीतल्या लोकांनी एकदा आपल्या हाताने एक मोरी बांधवून घेतली, की पुढच्या वर्षी कोरमची काळजी आपल्याला राहणार नाही.

घटनेच्या 243-क कलमाने ग्रामसभेला जागा दिली, पण तिला किती अधिकार द्यायचे हे राज्यावर सोडलं. म्हणजे हे सगळं आपल्या आणि विधिमंडळाच्या हातात आहे, दिल्लीची वाट बघायची गरज नाही.

एकदा आमच्याकडे यावं, असं निमंत्रण देतो. पण जाहीर दौरा काढून येऊ नका. आपण येणार असं कळलं की चावडीला रंग लागेल, शाळेची पोरं रांगेत उभी राहतील, तालुक्याचे अधिकारी गाड्या भरून येतील आणि कोरम पुरा होईल. तहकूब सभेला, कुणाला न सांगता, मागच्या बाकावर बसा. चहा माझ्याकडे.

आपला,
ग्रामसभेचा एक सदस्य,
बीड जिल्हा